लग्नाच्या पत्त्यावर श्रद्धांजलीचं पान

वरपक्षाचा फोन आला तेव्हा माझा नवरा मेलेला होता, आणि तो माझ्यासमोर पाटावर बसून उप्पीट खात होता.

"मावशी, खरं सांगा," फोनवर नवऱ्या मुलाचे थोरले चुलते होते. "काका कधी गेले?"

"कुटं गेले? हितंच तर हायत. खात्यात."

"आता झाकू नका. चाळीस माणसं मोबाइलवर बघत्यात. फोटो हाय, झेंडूचा हार हाय, 'आमचे आजोबा आम्हाला सोडून गेले' असं लिहिलंय. पत्रिकेवरच्या कोडवरनंच उघडलंय. तोंडबी ओळखीचं हाय, मी काय आंधळा न्हाय."

"अवो पण..."

"बस मोहोळला उभी केलीय. सुतकात अक्षता टाकणार न्हाय आमी. मागं फिरायचं का, तेवढं सांगा."

त्या दिवशी माझ्या नातीचं लग्न होतं, थोरल्या मुलाच्या मुलीचं. मुहूर्त बारा पस्तीसचा. घड्याळात सव्वानऊ वाजले होते. करमाळ्याहून वऱ्हाडाची बस सकाळीच निघाली होती. थोरला, त्याची बायको, नवरी, सगळे होटगी रोडच्या कार्यालयात पोचले होते. घरात तिघंच मागं राहिलो होतो. मी, माझा नवरा आणि धाकटी सून. मोहोळहून सोलापूर फार लांब नाही. मोहोळहून करमाळा लांब आहे, पण रागात निघालेल्या माणसाला तेही जवळच. बस मागं फिरली असती तर हातावर मेंदी काढून बसलेल्या पोरीचं लग्न मोडलं असतं, आणि तेही जिवंत माणसाच्या सुतकापायी.

मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. त्याला कमी ऐकू येतं आणि कानातलं मशीन तो लग्नाकार्यातही घालत नाही, कारण त्यात बायकांचा आवाज जास्त येतो म्हणे. तो ओरडून म्हणाला, "कोण बोलतंय? चहा झाला का?"

मी फोन परत घेतला. चुलते म्हणाले, "हे दुसरंच कुणीतरी हाय. आवाज कुणाचाबी काढता येतो."

मग धाकटीनं व्हिडिओवर फोन लावला. नवऱ्याला वाटलं फोटो काढायचाय. त्यानं उप्पिटाची ताटली बाजूला सारली, फेटा डोक्यावर ठेवला, मिशा पुसल्या आणि ताठ बसला. आमच्या वेळी स्टुडिओत हललं की फोटोवाला शिव्या द्यायचा. ती सवय त्याची अजून गेलेली नाही. तो पापणीही हलवेना.

"हा तर फोटोच हाय की!" पलीकडून आवाज आला.

"मामा, हला की!" धाकटी ओरडली. सासऱ्याला ती मामा म्हणते आणि मला आत्या. "मामा, हात हलवा!"

मामांना ऐकू येईल तर ना. तेवढ्यात तिकडची रेंज गेली आणि फोन कटला.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

मी त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, "तुमी मेलाय."

"मेलो तर उप्पिटात मीठ कमी हाय हे कसं कळतंय मला?" असं म्हणून त्यानं ताटली परत पुढं ओढली.

कुणी म्हणेल, जिवंत माणूस समोर आहे, मग भ्यायचं कशाला? पण आमच्याकडं लग्नघरात कुणी मेलं तर अक्षता पडेपर्यंत झाकून ठेवायची रीत आहे. कुणी बोलत नाही, पण करतात. मी स्वतः केलंय. माझ्या नणंदेच्या लग्नात चुलत सासू पहाटेच गेली होती. आम्ही तिच्या खोलीला बाहेरून कडी लावली, तिला ताप आहे म्हणून सांगितलं, दुपारी पोरगी वाटेला लावली आणि मग रडायला बसलो. ही गोष्ट पुढं पाहुण्यांत फिरली. चुलत्यांनी ती ऐकलेली असणार. म्हणून माझ्या शब्दाला त्या दिवशी काही किंमत नव्हती, आणि त्यात त्यांची चूक होती असंही मी म्हणणार नाही.

आता धाकटीबद्दल सांगायला पाहिजे. ती घरी बसून लोकांच्या वेबसाइट सांभाळते. मुंबईत कुठंतरी तिनं एक कम्प्यूटर भाड्यानं घेतलाय, त्याला ती सर्व्हर म्हणते. तो तिनं कधी पाहिलेला नाही, पण त्याच्याशी दिवसभर बोलते. त्या एका मशीनवर आठ-दहा जणांच्या वेबसाइट होत्या. नातीच्या लग्नाचं पानही तिनंच केलं होतं. कार्यालयाचा नकाशा, मुहूर्त, फोटो. पत्रिकेवर चौकोनी कोड छापला होता, तो मोबाइलनं टिपला की पान उघडायचं.

ती लॅपटॉप घेऊन जमिनीवरच बसली. तिनं आमच्या पत्रिकेवरचा कोड टिपला. पान उघडलं. गुलाबी रंग, गणपती, नवरा-नवरी, सगळं जागच्या जागी.

"आत्या, चांगलं दिसतंय की! त्यांचंच काहीतरी चुकतंय."

"चाळीस जणांचं एकदम चुकतंय व्हय?"

तिनं परत उघडलं. परत गुलाबी. ती तेच तेच उघडत बसली. मी मात्र उभीच होते. खरं सांगायचं तर मला चेव चढला होता. मी चौथी शिकलेली बाई. पण सव्वीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, आणि वस्तू एकाची अन् गेली दुसऱ्याकडं, असलं भांडण माझ्या ओळखीचं होतं. गिऱ्हाईक ओरडत आलं की मी त्याच्या तोंडाकडं बघायचे नाही. म्हणायचे, डबा दाखव. डब्यावर काय लिहिलंय ते खरं.

"पोरी, तू आपली पत्रिका बघतीयास. त्यांची कुटं हाय?"

पत्रिका दोन छापल्या होत्या. आमच्याकडच्या पत्रिकेवर नवरीचं नाव आधी, त्यांच्याकडच्या पत्रिकेवर नवऱ्याचं नाव आधी. हे सगळीकडं असंच असतं. पण यावेळी त्यांनी हट्ट धरला होता की वेबसाइटच्या पत्त्यातही आपल्या मुलाचं नाव आधी पाहिजे. म्हणून दुसरा पत्ता घेतला होता, नवऱ्याचं नाव पुढं, नवरीचं मागं. पान मात्र एकच.

त्यांची पत्रिका देवघरात कुंकू लावून ठेवली होती. मी ती आणली. धाकटीनं कोड टिपला.

झेंडूचा हार. पांढऱ्या मिशा. फेटा. 'आमचे आजोबा आम्हाला सोडून गेले.'

"आई गं!" धाकटीनं तोंडावर हात ठेवला. "हे तर कालचं काम!"

आदल्या दिवशी तिच्याकडं एका गेलेल्या माणसाच्या श्रद्धांजलीच्या पानाचं काम आलं होतं. दहाव्याच्या आधी पाहिजे होतं. तिनं फोटो चढवला होता, नाव-गाव लिहायचं राहिलं होतं, कारण मी तिला बांगड्या भरायला हाक मारली होती.

"त्यांचं पान ह्या पत्त्यावर कसं आलं?" मी विचारलं.

"थांबा आत्या, बोलू नका, बघू द्या."

मी थांबणाऱ्यातली नाही. "मला सांग. सांगता सांगता तुलाबी कळंल."

मग ती बोटं चालवत चालवत सांगू लागली. मशीन एकच. त्याच्या दाराशी रोज शेकडो लोक येतात. प्रत्येक जण येताना नाव सांगतो, मला अमक्याच्या घरी जायचंय. प्रत्येक वेबसाइटची एक फाइल असते, तिला व्हर्च्युअल होस्ट म्हणतात. त्या फाइलीत लिहिलेलं असतं, ह्या नावानं कुणी आलं तर ह्या खोलीत न्या. मशीन ते नाव बघतं आणि त्या खोलीत धाडतं.

"म्हणजे चक्की एक आणि डबे लई," मी म्हणाले.

"व्हय, तसंच."

"आणि कुणी आलं, पण त्याचं नाव कुठल्याच फाइलीत नसलं तर?"

तिची बोटं थांबली.

"तर पहिल्या फाइलीत जातं," ती हळू म्हणाली. "जी सगळ्यात वर असंल तिच्यात."

"मग नवऱ्याच्या नावाचा पत्ता तू फाइलीत लिहिलायस का?"

तिनं लग्नाची फाइल उघडली. एका ओळीत नवरीच्या नावाचा पत्ता होता. दुसरा नव्हता. त्यांनी पत्ता घेतला, आमच्या मशीनकडं वळवला, तिनं उघडून पाहिला, लग्न दिसलं, आणि झालं काम म्हणून ती उठली होती. लग्न दिसलं ते एवढ्याचसाठी की तेव्हा लग्नाची फाइल सगळ्यात वर होती. ज्याचं नाव कुठंच नाही असा माणूसही लग्नातच येऊन पडत होता. तीन आठवडे ते असंच आपोआप चाललं.

"आणि काल श्रद्धांजलीची फाइल वर गेली," ती म्हणाली. "मी तिला पहिला नंबर दिला."

तो नंबर मी द्यायला लावला होता. काल संध्याकाळी ती म्हणाली होती, लग्न झाल्यावर करते. मी म्हणाले होते, गेलेल्या माणसाचं काम मागं ठेवू नये, त्याला सगळ्यात वर घाल. तिनं सासूचा शब्द मानला, आणि मशीननं तिचा. म्हणजे निम्मी चूक माझी. मी ती तिथंच कबूल केली. ती म्हणाली, "राहू द्या आत्या, आता ती खाली टाकते, लग्न वर घेते. लगेच नीट होईल."

"न्हाय!" मी म्हणाले. "वर-खाली करून काय उपयोग? उद्या तिसरंच कुणीतरी वर येईल. डब्यावर नाव लिही."

तिनं मान हलवली. लग्नाच्या ओळीत नवरीच्या पत्त्यापुढं नवऱ्याचा पत्ता लिहिला. मी चष्मा लावून अक्षर अक्षर पत्रिकेशी ताडून पाहिलं. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण हे अक्षर ह्या अक्षरासारखं आहे का, एवढं मला कळतं.

कोड टिपला. झेंडूचा हार.

"अजून तेच!" धाकटी रडायला आली.

"लिहिलंस, पण त्याला सांगितलंस का?"

"काय?"

"लिहिलंय म्हणून. गिरणीत नुसती पाटी बदलून भागत न्हाय. दळणाऱ्याला सांगावं लागतं की बाबा, पाटी बदलली."

तिनं कपाळावर हात मारला. फाइल बदलली तरी मशीन जुनंच लक्षात धरून बसतं. परत वाच असं त्याला सांगावं लागतं. तिनं तशी एक ओळ टाइप केली आणि बटण दाबलं. कोड टिपला.

गुलाबी. गणपती. नवरा-नवरी.

मी एवढ्या जोरात ओरडले की बहिऱ्या नवऱ्यालाही ऐकू गेलं. "काय, जिवंत झालो का?" तो म्हणाला.

"अजून न्हाय," मी म्हणाले, आणि मोहोळला फोन लावला.

"मावशी, बस वळवतोय," चुलते म्हणाले.

"वळवा. पण आधी तो कोड परत उघडा."

थोडा वेळ गेला. मागं बायकांचा गलका ऐकू येत होता. मग चुलते म्हणाले, "आता काढून टाकलं व्हय? मघाशी होतं, आता न्हाय. म्हंजे झाकलंच की तुमी!"

हे मला आधी सुचायला हवं होतं. झाकणाऱ्या घराचं नाव आमचं. पान नाहीसं झाल्यावर त्यांचा संशय जास्तच पक्का झाला. मी धाकटीकडं पाहिलं. ती म्हणाली, "आत्या, काढलेलं न्हाय. ते त्याच्या जागी हाय. त्याच्या पत्त्यावर."

"मग त्याचं नाव-गाव टाक. आत्ताच्या आत्ता. सगळं टाक."

ती टाइप करत असताना मी चुलत्यांना बोलत ठेवलं. "तुमच्या गावात पिठाची गिरणी हाय का?"

"हाय की. तिचं काय आता?"

"तुमचा ज्वारीचा डबा गेला आणि घरी दुसऱ्याचा हरभरा आला, असं झालंय कधी?"

"झालंय. बायकोनं चार दिवस बोलून खाल्लं."

"मग तसंच झालंय. मशीन एक, पानं दहा. तुमच्या पत्त्याचं नाव आमी डब्यावर लिहायचं विसरलो. नाव न्हाय म्हणून मशीननं पहिला डबा तुमच्या हातात दिला. तो दुसऱ्याचा होता. आमी झाकलेलं न्हाय, तो डबा अजून हितंच हाय. तुमाला दावते."

"दावा."

"तुमच्या नको, दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर बघा. ज्यानं अजून काय उघडलं न्हाय, त्याच्या."

त्यांनी बसच्या ड्रायव्हरला बोलावलं. तो बाहेरचा माणूस, ना आमच्या नात्यात, ना त्यांच्या. धाकटीनं त्याच्या नंबरावर दोन पत्ते पाठवले. मला तो फोनवर ऐकू येत होता. "हां, हे लग्न. पत्त्यात नवऱ्याचं नाव आधी हाय, तुमच्या पत्रिकेसारखंच... आता दुसरं दाबतो... हां, हे मयताचं. तोच म्हातारा. खाली नाव आलंय, काका, वाचा की तुमीच."

चुलत्यांनी नाव वाचलं. मग गाव वाचलं. उजनीच्या पाण्याकाठचं गाव होतं.

मग नाव परत एकदा मोठ्यानं वाचलं.

"अरे," ते म्हणाले, "ह्यांना मी ओळखतो. ह्यांच्याकडनं केळीचे कंद आणले होते मी. दोनदा जेवलोय ह्यांच्या घरी. म्हणून तोंड ओळखीचं वाटत होतं. गेले व्हय हे?"

"गेले."

"मला कुणी सांगितलंबी न्हाय."

"आता कळलं. दहाव्याला जाऊन या. आमचे मात्र उप्पीट खात्यात."

मग ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकलं. ड्रायव्हर मागून म्हणाला, "काका, सोलापूर का करमाळा? मला गाडी काढायचीय." बसमधल्या बायकाच ओरडल्या, "सोलापूर!"

मी फोन ठेवला. धाकटी लॅपटॉपपुढंच पाय पसरून बसली होती आणि हसत होती का रडत होती ते मला कळलं नाही. मी तिला उठू दिलं नाही.

"आता ती वरची जागा," मी म्हणाले. "जिथं बिननावाचे येऊन पडत्यात."

"ती काय करायची?"

"गिरणीत पहिल्या वर्षी मीबी बिननावाचा डबा पहिल्या गिऱ्हाइकाला देऊन मोकळी व्हायचे. दोनदा भांडणं झाली. मग एक वेगळी फळी केली. नाव न्हाय तर तिथं, कुणाच्याच घरी न्हाय. तशी फळी कर."

तिनं एक नवी फाइल केली आणि सगळ्यात वर ठेवली. त्यात कोरं पांढरं पान, आणि मी सांगितली ती एक ओळ. 'हे नाव आमच्याकडे नाही.' ना फोटो, ना हार, ना गणपती. मग तिनं उगाच एक भलतंच नाव मशीनकडं धाडून पाहिलं. पांढरं पान आलं. मी म्हणाले, अजून एक. परत पांढरं. मग लग्नाचे दोन्ही पत्ते. दोन्ही गुलाबी. श्रद्धांजलीचा पत्ता. झेंडूचा हार आणि आता खाली नाव. नाव सांगितलं की बरोबर खोलीत, दर वेळी, चुकायचं नाव नाही. मला उठवेना. चौसष्टाव्या वर्षी मी नातीच्या लग्नाच्या दिवशी जरीचं लुगडं नेसून जमिनीवर बसले होते आणि पोरांसारखी म्हणत होते, अजून एक नाव टाक, अजून एक.

शेवटी कार्यालयातून थोरल्या सुनेचा फोन आला. "आत्या, सगळी तुमची वाट बघत्यात. काय करताय घरी?"

"मामांना जिवंत करत होतो," धाकटी म्हणाली.

"करा लवकर आणि या."

वऱ्हाड बारा वाजायच्या आत आलं. चुलते बसमधून उतरले ते सरळ माझ्या नवऱ्याकडं गेले. वाकून पाया पडले आणि पडता पडता त्याचा पाय चांगला दाबून पाहिला. नवऱ्याच्या ते लक्षात आलं. "दाबा, दाबा," तो म्हणाला, "दुसराबी दाबा, तो रात्रीचा दुखतोय." आजूबाजूची माणसं खो खो हसली. चुलते ओशाळले, पण दुसराही पाय दाबला.

अक्षता मुहूर्तापेक्षा थोड्या उशिरा पडल्या, पण पडल्या. नात करमाळ्याला नांदते.

तिसऱ्या दिवशी चुलते त्या केळीवाल्यांच्या दहाव्याला जाऊन आले. तिथल्या लोकांना ही हकीगत त्यांनी सांगितली नाही. बरं केलं.

त्या सकाळी घरात मी, धाकटी सून आणि माझा नवरा होतो. तिघंही अजून जिवंत आहोत.